पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी, लसी आणि रोजची दुखणी: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

ही उत्तरं जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि महाराष्ट्रातल्या सरकारी वेळापत्रकाला धरून आहेत. पॅरासिटामॉलसारख्या औषधाचं प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं, वयावर नाही. त्यामुळे मुलाचं ताजं वजन माहीत नसेल तर पुढचं वाचण्याआधी ते अंगणवाडीत किंवा दवाखान्यात करून घ्या.

बाळ बरं असताना तपासणीला न्यायची गरज काय, आणि कधी न्यायचं?

लसीच्या तारखा ह्याच तपासणीच्या तारखा समजा: जन्मानंतर, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने. मधे सहाव्या महिन्यात, वरचं अन्न सुरू करताना, एक फेरी मारावी. दोन वर्षांनंतर वर्षातून एकदा पुरते.

नुसती सुई टोचून परत येऊ नका. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. पहिल्या दोन-तीन भेटींत डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हृदयाचे ठोके नीट आहेत का, खुबे तपासले का, डोळ्यावर उजेड टाकल्यावर बाहुली लालसर चमकते का (पांढरी दिसली तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे), मुलगा असेल तर दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का. गर्दीच्या ओपीडीत हे राहून जातं. विचारलं की होतं.

आशाताई घरी येतात त्या नेमकं काय बघतात?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, काखेतलं तापमान, श्वासाची गती, नाळ आणि अंगावर पिणं तपासतात. नवजात बाळाची अशी घरी जाऊन देखभाल गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने करून दाखवली आणि पुढे ती देशभरच्या कार्यक्रमात आली. दीड महिन्यानंतरही ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आशाताईंनी यायचं असतं. आल्या नाहीत तर फोन करून बोलवा, तो तुमचा हक्क आहे.

वजन वाढतंय की नाही हे कसं ओळखायचं? "बारीकच आहे, घराण्यात सगळे असेच" हे खरं का?

पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं, साधारण दहा टक्क्यांपर्यंत, उतरतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने दर महिन्याला ५०० ग्रॅमच्या खाली वाढ असेल तर पाजण्याची पद्धत तपासून घ्या. पाचव्या महिन्याच्या सुमाराला वजन जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं.

माता बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो, मुलाचा वेगळा आणि मुलीचा वेगळा. सेविका त्यात दर महिन्याला ठिपका देतात. ठिपका कुठल्या पट्ट्यात आहे यापेक्षा ठिपके जोडणारी रेघ कुठे चालली आहे ते बघा. हिरव्या पट्ट्याच्या तळाशी असलेलं पण त्याला समांतर चढणारं मूल ठीक असतं. वरच्या भागातून दोन-तीन महिने आडवी किंवा खाली जाणारी रेघ ही खरी काळजीची गोष्ट. घराण्याचा वारसा रेघेला खाली ओढत नाही. अपुरं खाणं, वारंवारचे जुलाब किंवा क्षयासारखं दुखणं ओढतं.

सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. १२.५ सेंमीच्या खाली मध्यम आणि ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण. तीव्र असेल तर "खाऊ घालू, सुधारेल" म्हणत घरी थांबू नका.

एक सूचना: दर वेळी त्याच काट्यावर, कपडे उतरवून वजन करा. स्वेटर, डायपर आणि वाळे यांनीच पाव किलोचा फरक पडतो आणि मग उगाच घबराट किंवा उगाच समाधान होतं.

सरकारी लसी कोणत्या, कधी, कुठे टोचतात?

जन्मतः बीसीजी (डाव्या दंडावर), पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्र लस (डाव्या मांडीत), पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या वेळी न्यूमोकोकल (उजव्या मांडीत) आणि पोलिओचं छोटं इंजेक्शनही असतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात) आणि पोलिओ बूस्टर. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर. जपानी मेंदूज्वराची लस काही जिल्ह्यांतच देतात.

सगळ्यात जास्त राहून जातात ते दीड वर्षाचे डोस. तोवर मूल धडधाकट झालेलं असतं, आई कामावर परतलेली असते, कार्ड कपाटात गेलेलं असतं.

तारीख चुकली. आता पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. आधीचे डोस वाया जात नाहीत. काहींना मात्र वयाची मर्यादा आहे: बीसीजी आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. पेंटाव्हॅलंट सुरूच झालं नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर डीपीटी देतात. कार्ड हरवलं असेल तर जिथे लस घेतली त्या उपकेंद्राच्या नोंदवहीतून किंवा लसीकरणाच्या सरकारी यू-विन पोर्टलवरून नोंद मिळते. "आठवत नाही" म्हणून लस टाळण्यापेक्षा परत घेतलेली बरी.

सर्दी आहे, थोडे जुलाब आहेत. लस पुढे ढकलू?

ढकलू नका. साधी सर्दी, खोकला, हलके जुलाब, चालू असलेलं अँटिबायोटिक, यातलं काहीच आड येत नाही. अंगात चांगला ताप असेल किंवा मूल दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी असेल तरच थांबा. आधीच्या डोसनंतर काही तासांत अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज किंवा धाप लागली असेल तर ते टोचण्याआधी सिस्टरना सांगा. लस टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसायला सांगतात ते याचसाठी.

लस दिल्यावर ताप आला, मांडीला गाठ आली, दंडावर पू दिसतोय.

पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप आणि किरकिर होते. ताप आला की पॅरासिटामॉल द्या. आधीच देऊन ठेवायची गरज नाही. मांडीची गाठ चोळू नका, शेकू नका, त्यावर हळद-चुना लावू नका. ती काही आठवड्यांत विरते. वाढत गेली, लाल आणि गरम झाली तर दाखवा.

बीसीजीचं गणित वेगळं. दोन ते सहा आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि व्रण राहतो. तो लस लागल्याचा मार्ग आहे. मलम, पावडर, अँटिबायोटिक काही नको. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवा.

खासगी दवाखान्यातली "न दुखणारी" लस जास्त चांगली का?

ताप आणि दुखणं कमी, हे खरं. पण डांग्या खोकल्यावरचं तिचं संरक्षण सरकारी लसीपेक्षा लवकर ओसरतं. सरकारी लस घेतली म्हणून मुलाचं नुकसान झालं असं अजिबात नाही, उलट पहिल्या तीन डोसांना ती भक्कम आहे. खासगीत टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, गालगुंड, फ्लू अशा जास्तीच्या लसी मिळतात. परवडत असतील तर आपल्याकडच्या दूषित पाण्याचा विचार करता टायफॉइडला आधी नंबर द्यावा.

पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे लस थंड राहिली का. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. सरकारी कुपीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि दोन्हींचा रंग सारखा झाला की ती कुपी बाद. सिस्टरना "दाखवता का?" म्हणून विचारायला संकोच नको.

बीसीजी आणि गोवर-रुबेला पाणी मिसळल्यावर चार तासांतच वापरावी लागते. म्हणून लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी वेळेवर जा.

ताप किती असला की घाबरायचं?

काखेत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर ताप धरतात. काख कोरडी पुसून थर्मामीटरचं टोक मधोमध ठेवा आणि आवाज येईपर्यंत हात दाबून धरा. कपाळाला हात लावून ठरवू नका.

दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर आकडा कितीही असो, घरी औषध न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इतक्या लहान बाळाला जंतुसंसर्गात उलटं अंग गारही पडतं, आणि तेही तितकंच धोक्याचं.

मोठ्या मुलात आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. १०३ ताप असून औषधानंतर तासाभरात खेळायला लागणारं मूल आणि १०१ ताप असून ताप उतरल्यावरही मलूल पडलेलं मूल, यात दुसरं जास्त आजारी. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, मान ताठ, सतत उलट्या, दाबल्यावर न पुसट होणारे लाल-जांभळे डाग, सहा-आठ तास लघवी नाही: यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. सर्दी-खोकला काही नाही आणि नुसताच ताप आहे, तर लघवीची तपासणी करून घ्या. विशेषतः मुलींत लघवीचा संसर्ग असाच लपतो.

पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला डेंग्यूचा विचार ठेवा. त्यात खरा धोका ताप उतरताना असतो, चौथ्या ते सहाव्या दिवशी. "ताप गेला, बरं झालं" म्हणताना पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले तर थांबू नका.

पॅरासिटामॉल किती द्यायचं? प्रत्येक बाटलीवर वेगळं लिहिलेलं असतं.

इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. प्रमाण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. बाजारात मुख्यतः तीन तीव्रता मिळतात: ड्रॉप्स (१ मिलीत १०० मिग्रॅ), सिरप (५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ) आणि जास्त तीव्र सिरप (५ मिलीत २५० मिग्रॅ).

१० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ हवं. म्हणजे ड्रॉप्स दीड मिली, किंवा साधं सिरप ६ मिली, किंवा २५० चं सिरप ३ मिली. मोठ्या भावाचं २५० चं सिरप धाकट्याला "नेहमीचा एक चमचा" म्हणून दिलं की दुप्पट डोस जातो. ड्रॉप्स चमच्याने दिले तर तिप्पट-चौपट, आणि यकृतावर परिणाम होतो. बाटलीवर स्केचपेनने मुलाचं नाव आणि मिलीमधला डोस लिहून ठेवा. घरचा चमचा वापरू नका, ३ मिलीचा तर ५ मिलीचा कुठे संपतो ते सांगता येत नाही. सुई काढलेली सिरिंज सर्वात अचूक. मूल बसतं करून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा.

अ‍ॅस्पिरिन मुलांना नको. निमेसुलाइड १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे, तरी "जोरदार गोळी" म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेनही नको.

तापात फिट आली. काय करायचं?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाच्या झटक्याने असं होतं. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत थांबतं आणि मेंदूला इजा होत नाही. मुलाला जमिनीवर कुशीवर झोपवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांवर गेली, परत आली किंवा मूल शुद्धीवर येत नसेल तर १०८ ला फोन करा. पहिलीच फिट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवा.

खोकल्याचं कोणतं सिरप चांगलं?

कोणतंच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे टाळावीत. भेसळ नसलेलं सिरपही या वयात फारसा फायदा करत नाही, गुंगी मात्र आणतं.

मग करायचं काय? नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन थेंब. एक वर्षावरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध. एक वर्षाखाली मध अजिबात नको, चाटणालासुद्धा. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. पातेल्यातल्या पाण्याची वाफ देऊ नका, भाजण्याचे अपघात होतात. कापराची पुरचुंडी गळ्यात किंवा पाळण्यात बांधू नका. मुलाने कापूर तोंडात घातला तर फिट येऊ शकते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवं, हाही गैरसमज.

न्यूमोनिया आहे की साधा खोकला, हे घरी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, आणि त्याला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करा आणि पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा, पण त्या नावाखाली रात्र काढू नका.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, कण्हत असेल, ओठ निळसर असतील किंवा पिणं सुटलं असेल तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय. मेळघाटासारख्या भागात पोट उडतंय किंवा फुगलंय म्हणून पोटावर चटके देण्याचे प्रकार अजून घडतात. त्यात आजार तसाच राहतो आणि वर भाजल्याची जखम होते.

जुलाब लागले. ओआरएस कसं बनवायचं, किती द्यायचं?

पाकिटावर "१ लिटर" लिहिलंय की "२०० मिली", ते आधी वाचा. मोठं पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात, किंवा "जरा घट्ट चांगलं" म्हणून कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं आणि मुलाची तहान आणि धोका दोन्ही वाढतात. पातळ केलं तर उपयोग कमी. वरून साखर, सरबत काही घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून नवीन करा.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, दोन वर्षांपुढे १०० ते २०० मिली, चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. घटाघट पाजलं की उलटी होतेच, आणि मग "ओआरएस पचत नाही" म्हणतात. अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ खिचडी, दही-भात, केळं द्या. उपाशी ठेवणं चूक.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. टेट्रापॅकमधल्या गोड पेयांवर विसंबू नका. त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब वाढतात. नावात ओआरएस असलेल्या अशा पेयांना ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो शब्द वापरायला मनाई केली.

सोबत झिंक १४ दिवस: दोन ते सहा महिने १० मिग्रॅ (२० ची अर्धी गोळी, आईच्या दुधात विरघळवून), सहा महिन्यांपुढे २० मिग्रॅ. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, पोटाची चिमटी सोडल्यावर कातडी सावकाश परतणं, सुस्ती: यांत घरी थांबायचं नाही.

दात येताना जुलाब आणि ताप येतातच ना?

लाळ गळते, किरकिर होते. जुलाब आणि जास्त ताप दातांमुळे येत नाहीत. त्या वयात बाळ सगळं तोंडात घालतं, म्हणून जुलाब लागतात. "दाताचं आहे" म्हणून ओआरएस द्यायला उशीर होतो, नुकसान तिथे आहे.

नवजात बाळ पिवळं दिसतंय. उन्हात धरू?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन दोन आठवड्यांत जाणारी हलकी कावीळ सामान्य आहे. पहिल्या २४ तासांत दिसलेली, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली, दोन आठवड्यांपुढे टिकलेली, किंवा शौच पांढुरकं होत असेल अशी कावीळ त्याच दिवशी दाखवा. ऊन हा उपचार नाही. लागलाच तर निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. तपासायचं तर दिवसाच्या उजेडात, नाकावर बोट दाबून सोडून बघा.

गुटी, काजळ, कानात तेल?

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर नको. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत काय आणि किती गेलं ते मोजता येत नाही, आणि सहाण निर्जंतुक नसते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, त्यात शिसं असू शकतं. आजीला तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. कानात-नाकात तेल नको. नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा. नवजात बाळाची छाती सुजलेली दिसली तर पिळून "चीक" काढू नका, पू होतो. हलक्या हाताने मालिश मात्र जरूर करा.

अंगावर पुरळ आलं. गोवर, कांजिण्या की आणखी काही?

गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून खाली उतरणारं पुरळ. कांजिण्यांत पाण्याचे फोड, एकाच वेळी वेगवेगळ्या अवस्थांतले. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतील तर बहुधा हात-पाय-तोंडाचा आजार, आठवड्यात बरा होतो. "बाया आल्यात" म्हणून अंघोळ, दूध, औषध बंद करू नका. गोवरात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यावे लागतात, ते डोळे वाचवतात. म्हणून गोवराची शंका आली की आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर ती खरूज. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावलं तर महिनाभरात परत येते.

टॉनिक कोणतं देऊ?

टॉनिक नको, नेमून दिलेल्या तीन गोष्टी द्या. पहिल्या वर्षी रोज ड जीवनसत्त्व ४०० युनिट (थेंबांची तीव्रता बाटलीवर बघा, ४०० आणि ८०० दोन्ही मिळतात). सहा महिन्यांपासून आरोग्य केंद्राचं लोहाचं सिरप, आठवड्यातून दोनदा १ मिली. शौच काळं होतं, घाबरू नका. एक वर्षापासून जंताची गोळी सहा महिन्यांनी: दोन वर्षांपर्यंत अर्धी, पुढे पूर्ण, लहानांना चुरून पाण्यातून.

शेजारचं मूल बोलतं, आमचं नाही. किती थांबायचं?

चार महिन्यांपर्यंत मान सावरली नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसलं नाही, दीड वर्षापर्यंत चाललं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये" असे दोन शब्द जोडले नाहीत, तर थांबू नका. बोलत नसेल तर पहिली तपासणी कानांची. "मुलगे उशिरा बोलतात" हे वाक्य ऐकून घालवलेलं वर्ष परत मिळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथले उपचार मोफत आहेत. पथकाची वाट न बघता थेटही जाता येतं.

औषध दिलं आणि मुलाने ओकून टाकलं. परत देऊ?

पंधरा मिनिटांच्या आत बहुतेक सगळं बाहेर आलं असेल तर पॅरासिटामॉलचा डोस एकदा परत द्या. अर्धा तास उलटला असेल तर पुढच्या वेळेची वाट बघा. अँटिबायोटिकची पावडर असलेली बाटली असेल तर ती आधी उलटी धरून ठोका, मग उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घालून हलवा आणि फेस बसल्यावर खुणेपर्यंत भरा. एकदम खुणेपर्यंत पाणी ओतून मग हलवलं की पातळी खाली येते आणि औषध ठरल्यापेक्षा घट्ट होतं. बहुतेक अशी औषधं तयार केल्यावर सात दिवसांत संपवायची असतात. तारीख बाटलीवर लिहा आणि उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवू नका.